दहा महिन्यांनी धाकटी

आमच्या भागात कुणाच्याही जन्मतारखेवर विश्वास ठेवू नये. माझ्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली होती, कारण शाळेत नावं घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची पडली. मीही त्यातलाच. पण गुरुजींनी आमच्या तारखा नुसत्या आळसानं खोट्या लिहिल्या. मी माझ्या मुलीची तारीख डोकं लढवून खोटी लिहिली. गुरुजींना आम्ही केव्हाच माफ करून टाकलं. माझी बायको मला अजून तपासून बघते आहे.

तेव्हा मी केजजवळच्या एका सहकारी दूध संघात आवक-जावक कारकून होतो. कागद हा माझा प्रांत. कुणाला उत्पन्नाचा दाखला काढायचाय, कुणाच्या सातबाऱ्यावर नाव चुकलंय, की माणूस आधी मला चहा पाजायचा आणि मग तहसीलला जायचा. मी कपाला तोंड लावायच्या आधीच ‘होऊन जाईल’ म्हणायचो. झालं तर माझ्यामुळं, नाही झालं तर सरकारमुळं.

मुलगी झाली ती बायकोच्या माहेरी, धारूरच्या डोंगराखाली, घरातच. जीप येईपर्यंत ती थांबली नाही. आयुष्यात तिनं घाई केली ती तेवढीच. एकवीस दिवसांत तिथल्या ग्रामपंचायतीत नोंद करायची असते हे मला पाठ होतं. दुसऱ्यांना मीच सांगायचो. पण आधी संघाची निवडणूक आली, मग सर्वसाधारण सभा आली, मग सासऱ्यांशी माझं जरा वाजलं, आणि बघता बघता दहा महिने गेले. आता उशिरा नोंद म्हणजे प्रतिज्ञापत्र, परवानगी, दंड, हेलपाटे. तेव्हा माझ्या डोक्यात तो किडा आला: उशिरा नोंद करण्यापेक्षा जन्मच उशिरा झाला असं लिहिलं तर?

तिथला ग्रामसेवक माझा वर्गमित्र. मुलीला घेऊनच गेलतो.

“पोरगी समोर दात काढून बसलीय, अन् तू म्हणतो परवा झाली?”

“तुझ्या काय बापाचं जातंय बे? लिही.”

“कावून पण?”

“पुढं परीक्षांना वयाची अट असती. दहा महिने म्हंजी एक चान्स जास्त.”

त्यानं मुलीकडं नीट बघितलं. “कलेक्टर करतो का काय हिला?”

“तलाठ्यापासून सुरू करू.”

आमचं बौद्ध घर. आज्यानं धर्म बदलला तेव्हापासून घरात एकच नाद, शिका आणि साहेब व्हा. वयाची सवलत आम्हाला सरकारनं आधीच दिली होती. मला वर आणखी दहा महिने पाहिजे होते. काम मी अर्धवट सोडत नाही. अंगणवाडीच्या वहीत नवी तारीख लिहून घेतली. डोस दिल्याचं जुनं कार्ड चुलीत घातलं आणि नवं करून घेतलं. संध्याकाळी जेवताना हे सगळं बायकोला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजी मी लेकरू मांडीवर घेऊन दहा महिने गरवार हिंडत होते का?” मी हसलो. ती हसली नव्हती, हे मला तीन वर्षांनी कळलं.

मुलगी अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळायची नाही, पण तीन घरांपलीकडं मिक्सर लागला की कान दाबून किंचाळायची. चवड्यांवर चालायची. माझ्या चपला, बाटल्यांची झाकणं, कपडे वाळत घालायचे चिमटे एका ओळीत मांडायची, आणि त्यातलं एक कुणी हलवलं की भिंतीवर डोकं आपटायची. माझा मोठा भाऊ म्हणायचा, “ह्यो बी उशिराच बोलला होता. आता बंद होतंय का बघा.” यावर घरात सगळे हसायचे. बायको मुलीला उचलून आतल्या खोलीत जायची.

शेवटी तीच हटून बसली आणि आम्ही बीडला मुलांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ‘स्वमग्न’ हा शब्द सांगितला आणि एका थेरपी सेंटरची चिठ्ठी दिली. तिथं दोन खोल्या, छताला टांगलेला झोका, मोठाले रबरी चेंडू, तांदळानं भरलेला टब आणि एक तिशीतल्या मॅडम. त्या मुलीसमोर जमिनीवर पालथ्या पडून तिच्या नजरेच्या रेषेत आपलं तोंड आणत राहायच्या. पाऊण तास. मी पाऊण तास कुणाच्याही तोंडाकडं बघितलेलं नाही, लग्नातसुद्धा.

“आठवड्यातून दोनदा आणायचं,” मॅडम म्हणाल्या. “मंगळवार-शुक्रवार, अकरा वाजता. खाडा पडला की मिळवलेलं मागं जातं. आणि फी दर महिन्याला.”

फी ऐकून भाऊ म्हणाला, “झोक्याला पैसे? आपल्या लिंबाला दोरी बांध की बे, आठवडाभर फुकट झुलू दे.” खरं तर मलाही आतून तसंच वाटत होतं. पण माझ्याजवळ कार्ड होतं.

त्या कार्डाची एक गंमत आहे. संघानं कर्मचाऱ्यांचा आणि त्यांच्या बायकापोरांचा आरोग्य विमा काढला, तेव्हा सर्वसाधारण सभेत चेअरमनसाहेब म्हणाले होते, “आता आपल्या संघाचा माणूस आजारी पडायला घाबरणार न्हाई!” टाळ्या पडल्या होत्या. ते वाक्य मी लिहून दिलेलं होतं. पॉलिसी मात्र मी वाचली नव्हती. ती इंग्रजीत होती आणि बारीक होती.

दोन महिन्यांच्या पावत्या जोडून मी अर्ज पाठवला. नकार आला: रुग्णालयात चोवीस तास दाखल नसल्यानं देय नाही, शिवाय विकासातला विलंब हा आजार नाही. संघाच्या फोनवरून मी त्यांच्या मदत क्रमांकावर भांडायला बसलो. गाणं ऐकवून ऐकवून एक मुलगी आली.

“बेबीला काय झालंय सर?”

“बोलत नाही.”

“कधीपासून?”

“कधीपासून म्हणजे? जन्मापासून!”

“मग ते पॉलिसीच्या आधीपासूनचं आजारपण झालं सर. ते कव्हर होत नाही.”

“अहो, तुमच्याच कागदात लिहिलंय की हा आजारच नाही!”

“हो सर. तेही कव्हर होत नाही.”

मी असं काही बोललो की शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून बाहेर गेल्या. ती मुलगी म्हणाली, “आणखी काही मदत करू शकते का सर?”

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला होता. जनावरं संघाच्या चारा छावणीत होती, दुधाचे कॅन तळ दाखवत यायचे, आणि संघानं आमचा पगार अर्ध्यावर आणला. मोटारसायकल विकली. तिच्या पैशांवर सहा महिने थेरपी झाली. मुलगी रिंगा दांडीत घालायला शिकली. हाक मारली तर कधीमधी, अगदी क्षणभर, तोंडाकडं बघू लागली. बायको सांगायची, “आज तीनदा बघितलं.” मी विचारायचो, “पुढच्या महिन्याचं काय?”

तेव्हा मॅडमनीच सांगितलं की अशा मुलांसाठी सरकारची एक विमा योजना आहे, तिच्यात थेरपीचा खर्च मिळतो. दाखल व्हावं लागत नाही. फक्त जिल्हा रुग्णालयाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र पाहिजे. त्यांनी स्वतः बसून चार पानांचा अहवाल लिहिला. दर बुधवारी डॉक्टर बसायचे. गेलो.

व्हरांड्यात माणसांवर माणसं. दुपारी आमचा नंबर लागला. टेबलामागच्या डॉक्टरांनी अहवाल बघितला, जन्मदाखला बघितला, परत अहवाल बघितला.

“सेंटरवाले म्हणतात तीन वर्षं नऊ महिने. दाखला म्हणतो दोन वर्षं अकरा महिने. पोरगी एक आणि वयं दोन?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सरकारी टेबलासमोर सरकारी दाखला खोटा आहे म्हणायचं, तेही मी, ज्याला अर्धा तालुका कागदातला जाणकार समजतो! शिवाय संघात कामगार कमी करायची यादी फिरत होती. जीभ आपोआप वळली.

“सेंटरवाल्यांची चूक झाली असंल साहेब.”

बायकोनं माझ्याकडं बघितलं.

“मग दाखल्याचंच धरू,” डॉक्टर म्हणाले. “तीनसुद्धा पूर्ण नाहीत. या वयाची पुष्कळ मुलं उशिरा बोलतात. वर्षानं आणा.”

“साहेब, पण फीचं...”

“पुढचा.”

फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्याजवळ बायको थांबली.

“मॅडमची चूक म्हणालात तुमी.”

“अगं, तिथं कबूल केलं असतं तर...”

“तर काय? फाशी दिली असती?”

“नोकरी गेली असती.”

“चार वर्षांचं व्हायला आलं लेकरू, अजून मला आई म्हणत न्हाई. अन् तुमी तिची कलेक्टरी सांभाळायलेत. ती बाई हिच्यासाठी फरशीवर लोळती, अन् तुमी तिलाच खोटं पाडलं. कशाला? तर तुमचा कागद खरा राहावा म्हणून.”

रसवाला गिऱ्हाईक सोडून ऐकत होता. एसटीत ती मुलीला घेऊन खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. नेकनूरपर्यंत मी दांडीला लटकत, त्या पिशवीकडं बघत आलो. नेकनूरला एका म्हाताऱ्या बाईला तिनं ती जागा दिली.

शुक्रवारी तिनं मॅडमना सगळं सांगून टाकलं. मॅडम मला कधी रागावलेल्या दिसल्या नव्हत्या. रागावल्यावरही त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्त लागलं.

“माझ्या अहवालावर आता तिथं शंका राहणार. उद्या दुसऱ्या मुलाचा पाठवला तरी. तुम्हाला कळतंय का काय केलंत?” मग वही उघडून म्हणाल्या, “तुमची अकराची वेळ महिनाअखेरपर्यंत ठेवते. त्यानंतर फीची सोय नसेल तर नाही. थांबलेली मुलं आहेत.”

महिनाअखेर, म्हणजे चोवीस दिवस. तोवर दाखला दुरुस्त करून प्रमाणपत्र आणायचं, नाहीतर मुलगी घरी बसणार आणि रिंगा, बघणं, सगळं मागं जाणार.

ग्रामसेवक मित्राची बदली झाली होती. त्याच्या जागी आलेला पोरगेला साहेब माझ्याकडं न बघता म्हणाला, “घरी जन्म म्हणता. खऱ्या तारखेला पुरावा काय?”

“हिची आई.”

“आई पुरावा नसते. त्या वेळचा कागद आणा.”

त्या वेळचा कागद मीच चुलीत घातला होता. अंगणवाडीची वही मीच बदलून घेतली होती. असं कसून काम मी संघासाठी केलं असतं तर आज मॅनेजर असतो. दोन दिवस डोकं धरून बसलो. मग आठवलं: ती झाली त्या दिवशी मी संघात रजेचा अर्ज दिला होता. ‘पत्नी बाळंत झाल्याने तीन दिवसांची किरकोळ रजा मिळावी.’ फायलीत सापडला. वर आवकचा शिक्का, तारीख, आणि माझीच सही.

आता मॅनेजरच्या सहीची नक्कल पाहिजे होती. ती सही मला त्यांच्यापेक्षा बरी जमायची. ते बाहेरगावी असताना त्यांनीच ती मला करायला लावलेली होती. पेन उघडलंसुद्धा. मग पिशवीशेजारचा तो प्रवास आठवला आणि पेन बंद करून मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

मॅनेजरनी अर्ज आणि जन्मदाखला दोन्ही वाचलं. समोर कमी करायच्या माणसांची यादी पडलेली होती. माझी नजर तिच्यावर गेलेली त्यांनी बघितली.

“इथं तुझी पोरगी दहा महिने आधी जन्मली, तिथं नंतर. दोन्हीतलं एक खोटं. कुणाला फसवलंस, आमाला का ग्रामपंचायतीला?”

“ग्रामपंचायतीला.”

“लिहून दे.”

“साहेब, तोंडी सांगतो की. चूक झाली.”

“तोंडी कावून? तू तर कागदाचा माणूस. लोकांचे अर्ज परत करताना म्हणतोस ना, लेखी आणा?”

म्हणायचो. लिहून दिलं. त्यांनी ते पान यादीखाली ठेवलं आणि मग नकलेवर सही ठोकली. “खोटी माहिती देणारा माणूस आवक-जावकला नको. उद्यापासून छावणीवर जा, रोजंदारीवर. जनावरं मोज. त्यांना तारखा नसतेत.”

रोजंदारीवाल्याला विम्याचं कार्ड नव्हतं. ज्या कार्डानं मला एक छदाम दिला नाही ते परत करतानाही मी आधी सदऱ्याला पुसलं, इतका मी मूर्ख.

केजच्या तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र केलं. तिथल्या कारकुनानं ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं. “‘मी जाणूनबुजून खोटी तारीख दिली.’ हे खरंय?”

“खरंय.”

“खोटं बोलणाऱ्याचं खरं कसं धरायचं वो?”

रांग हसली. तिच्यात मला चहा पाजलेले दोघं होते. ते सगळ्यात मोठ्यानं हसले. त्यांची कामं बहुतेक झालेली नव्हती.

दुरुस्त दाखला हातात आला तेव्हा महिन्यातला एकच बुधवार उरला होता. तेच डॉक्टर, तोच व्हरांडा. या खेपेला मला एक निराळीच भीती होती, आणि ती सांगायला मला आजही लाज वाटते. ठराविक टक्क्यांच्या वर अपंगत्व लागलं तरच विमा. म्हणजे मुलगी पुरेशी वाईट ठरायला पाहिजे होती. बाकावर बसून मी मनातल्या मनात तिला विनवत होतो: आज नको. आज काही येत असलं तरी दाखवू नको.

डॉक्टरांनी तिच्यापुढं दांडी आणि रिंगा ठेवल्या. तिनं लाल घातली. पिवळी घातली. निळी घातली. डॉक्टरांनी नावानं हाक मारली, आणि जिनं माझ्या शंभर हाकांना दाद दिली नव्हती तिनं मान वर करून सरळ त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

बायकोनं टाळी वाजवली. भर दवाखान्यात, मोठ्यानं.

“छान,” डॉक्टर म्हणाले. “प्रगती आहे.”

आणि मी म्हणालो, “साहेब, रोज नाही करत ती असं. आज चुकून झालं.”

स्वतःच्या लेकराची मी अशी चुगली केली. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि मला सोडून बायकोला विचारायला लागले. काय येतं, काय येत नाही, रात्री किती वेळा उठते, स्वतः जेवते का, अनोळखी माणूस आला तर काय करते. तिनं वीसेक मिनिटं सगळं सांगितलं. येतं ते जोरात सांगितलं, येत नाही तेही सांगितलं, एकही वाढवलं नाही की कमी केलं नाही. मग त्यांनी नवा दाखला पुढं ओढला, बोटांवर महिने मोजले.

“चौथं पूर्ण होत आलं. या वयाला एवढं पुरत नाही,” ते म्हणाले, आणि लिहायला लागले. “मागच्या वेळी हेच सांगितलं असतं तर एक महिना वाचला असता तुमचा.”

“माझा न्हाई साहेब,” बायको म्हणाली. “हिचा.”

टक्के बसले. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “चुकून झालं म्हणालात. ती रोज करती. सकाळी उठली की पहिलं रिंगा मागती. तुमाला दिसत न्हाई, कारण तुमी ती काय करत न्हाई तेवढंच बघायलेत.”

मी मुलीला तिच्याकडून उचलून घेतलं. हे मी इतकं क्वचित करायचो, की तिनं एकदा वळून खात्री करून घेतली.

विम्याचे पैसे पुढं बऱ्याच दिवसांनी आले, तेही कापून. कापलेल्या रकमेवरून मी त्यांच्याशी केलेली भांडणं वेगळ्या वहीत मावतील. पण प्रमाणपत्र बघून मॅडम फीसाठी थांबायला तयार झाल्या. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी छावणीवरची पाळी बदलून घेऊन मीही गेलो, अंगभर शेणाच्या वासानिशी. मॅडमनी विम्याचा नवा अर्ज काढला. माझ्याशी त्या अजून नीट बोलत नव्हत्या.

“मुलीचं वय?” त्यांनी बायकोला विचारलं.

बायको म्हणाली, “त्यांना विचारा. त्यांच्या तोंडून येऊ द्या.”

“तीन वर्षं, दहा महिने, सतरा दिवस,” मी म्हणालो.

“दिवस लिहायला जागा नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी वर्षं लिहिली, महिने लिहिले, आणि वहीत मंगळवार-शुक्रवार अकराच्या पुढं पेन्सिलीनं लिहिलेलं आमच्या मुलीचं नाव शाईनं गिरवलं. तोवर मुलगी आत झोक्यापाशी पोचली होती.